दृष्टी आणि कागद : संगणकावरील गृहरचनेतील दोषशोधनाची प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आज जो कोणी घर बांधावयास निघतो, मग तो आसनगावहून रोज लोकलने मुंबईस जाणारा नोकरदार असो, घरकुलाच्या यादीत नाव लागलेला शेतकरी असो, किंवा निवृत्तीनंतर माहुलीच्या पायथ्याशी दोन खोल्या असाव्यात अशी इच्छा धरून आलेला शहरवासी असो, त्याला आपल्या घराचे पहिले दर्शन जोते भरण्याच्या कितीतरी आधी संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले आहे. ज्या खोलीची एक वीटही अद्याप रचली गेलेली नाही तिच्यात तो उभा राहतो, ओटीवरून माजघरात डोकावतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारे ऊन कोठवर पोहोचते ते पाहतो, आणि घरातली वडीलधारी मंडळी त्याच्या खांद्यावरून वाकून देवघराची दिशा विचारतात. ही सोय लहान नाही. पूर्वी नकाशा वाचण्याची विद्या ज्यांच्यापाशी होती त्यांनाच आपले भावी घर मनश्चक्षूंपुढे उभे करता येत असे. बाकीच्यांना स्लॅब पडेपर्यंत केवळ विश्वासावर विसंबावे लागे.

परंतु ही चित्रे ज्याला तयार करून द्यावयाची असतात त्या आरेखकाला, म्हणजे तालुक्याच्या बाजारपेठेत एका टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेल्या ड्राफ्ट्समनला, या सोयीची दुसरी बाजूही नित्य भोगावी लागते. कॅमेरा लावावा तर पडदा काळाठिक्कर पडतो. समोरची भिंत नाहीशी होऊन तिच्या जागी अर्धवट कापलेले कपाट दिसते. फरशी थरथरत असल्यासारखी चमकते. जमीन चढणीची असेल तर सगळा पडदा नुसत्या हिरव्या रंगाने भरून राहतो. पान काढावयास जावे तर पडद्यावर नीट दिसणारे चित्र कागदावर रिकामी चौकट होऊन उतरते, काल सरकवलेला दरवाजा आजच्या प्रिंटवर जुन्याच जागी उभा असतो, खोल्यांची मराठी नावे निरर्थक चिन्हांत बदलून जातात, आणि ज्या पानावर १:१०० असे स्पष्ट लिहिले आहे ते पट्टीने मोजले असता हिशेब जमत नाही. अशा वेळी प्रोग्रॅम बिघडला, फाइल करप्ट झाली, असा निकाल देऊन सर्व काम पुन्हा आरंभापासून करावयास बसणे हा आपल्याकडील सर्वसाधारण रिवाज आहे, आणि त्यात जाणारा वेळ, कागद व उमेद यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

प्रस्तुत पुस्तिका या अडचणींच्या निवारणासाठी लिहिली आहे. निरनिराळे उपाय त्या त्या प्रकरणांत सापडतील. प्रस्तावनेत मला त्या सर्वांच्या मुळाशी असलेली एकच गोष्ट सांगावयाची आहे. गृहरचनेच्या प्रोग्रॅममधून निघणारे चित्र एक तर डोळ्यासाठी असते किंवा हातासाठी असते. कॅमेऱ्याचे दृश्य ही पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिलेली साक्ष आहे, आणि पानावरचा आराखडा हा बांधणाऱ्याच्या हाताला दिलेला हुकूम आहे. साक्षीला जागा, उंची आणि नजर लागते. हुकुमाला माप, तारीख आणि मंजुरी लागते. आपल्या कामातील बहुतेक दोष यांपैकी एकाचे कर्तव्य दुसऱ्यावर सोपविल्यामुळे उत्पन्न होतात, आणि दोष साक्षीत आहे की हुकुमात हे एकदा निश्चित झाले म्हणजे उपाय बहुधा एखाद्या आकड्याच्या दुरुस्तीइतका लहान उरतो.

१

ही प्रस्तावना मी जेथे बसून लिहितो ते भातसानगर म्हणजे भातसा धरणाच्या कामापायी वसलेली वसाहत. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा जलाशयात असतो, आणि एवढे पाणी अडविणारे काम कागदावरच्या रेषांवर विश्वास ठेवून उभे राहिले. त्या काळी नकाशे ट्रेसिंगवर शाईने काढीत आणि अमोनिया प्रिंटाने त्यांच्या नकला करून कामावर रवाना करीत. चुकलेली रेष ब्लेडने खरवडून काढावी लागे, म्हणून रेष ओढण्यापूर्वी विचार करण्याची सवय हातालाच लागलेली असे. संगणकाने खरवडण्याचे कष्ट वाचविले; विचार करण्याची गरज मात्र त्याने तिळमात्र कमी केलेली नाही.

या प्रदेशाचे घर काही विशिष्ट अटींवर उभे राहते. भातखाचरांची सपाट जमीन शेतीसाठी राखून घरे बहुधा वरकस, चढउताराच्या जागेवर बांधली जातात. पाऊस आडवातिडवा येतो, म्हणून छप्पर उतरते आणि पुढे आलेले हवे. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून केलेल्या भिंतींची घरे मागे पडून विटांची व सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे आली, तरी पडवी कोणी सोडलेली नाही. घरकुल योजनेतील घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरलेले आहे, तेव्हा खोल्या लहान, भिंती जवळ, आणि कॅमेरा उभा करावयास जागा थोडी. उलटपक्षी आपण वापरतो ते प्रोग्रॅम परदेशांत, तेथील सपाट भूखंड, तेथील प्रशस्त दिवाणखाने, तेथील कागद आणि तेथील सूर्य गृहीत धरून रचलेले आहेत. ही गृहीते प्रोग्रॅम आपल्याला विचारून ठरवीत नाही. ती आधीपासून भरलेली असतात, आणि आपण ती बदलत नाही तोवर अंमल त्यांचाच चालतो. शहापूरच्या आरेखकाची निम्मी गाऱ्हाणी या मूक गृहीतांतून निघतात, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

२

डोळ्याचे चित्र आणि हाताचे चित्र यांतील भेद संगणकाने निर्माण केलेला नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार व्हित्रुव्हिअस याने इमारतीच्या रेखांकनाचे तीन प्रकार सांगितले: जमिनीवरील आराखडा, दर्शनी भाग, आणि ज्यात बाजू मागे मागे जात आकुंचन पावतात असे चित्र. यांतील तिसऱ्या प्रकाराला पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने प्रयोगाचा, आणि १४३५ साली आल्बेर्तीने ग्रंथाचा आधार दिला. त्यालाच आपण यथादर्शन म्हणतो. पहिल्या दोन प्रकारांना गणिती शिस्त लावण्याचे श्रेय फ्रान्सच्या गास्पार मोंज याचे आहे. मेझिएर येथील सैनिकी शाळेत किल्ल्यांच्या बांधणीसाठी त्याने ही प्रक्षेपपद्धती सिद्ध केली. ती कित्येक वर्षे लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवण्यात आली होती आणि १७९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. यथादर्शनात दूरची वस्तू लहान होते आणि त्यामुळे चित्र सत्य भासते. लंबप्रक्षेपात दूरची व जवळची वस्तू एकाच मापाने उतरते आणि त्यामुळे चित्र मोजता येते. भासणारे सत्य आणि मोजता येणारे सत्य एकाच रेषेत पूर्णत्वाने राहू शकत नाहीत, हा भूमितीचा नियम आहे आणि कोणत्याही कंपनीच्या प्रोग्रॅमला तो ओलांडता आलेला नाही.

१९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड याने स्केचपॅड हा प्रबंध सादर करून पडद्यावर रेखांकन करता येते हे दाखविले. १९८२ साली ऑटोकॅड आले. १९९० च्या अकराव्या आवृत्तीत त्याने मॉडेलची जागा आणि कागदाची जागा अशा दोन स्वतंत्र जागा केल्या, आणि आज ज्याला आपण लेआउट म्हणतो त्याची वाट मोकळी झाली. २००० साली कोलोरॅडोतील बोल्डर येथून स्केचअप निघाले. ते २००६ साली गूगलकडे व २०१२ साली ट्रिंबलकडे गेले, आणि पान मांडण्यासाठी त्याच्याबरोबर लेआउट नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो. चीफ आर्किटेक्ट व त्याच घराण्यातील होम डिझायनर यांत दृश्य तयार करून ते पानाकडे रवाना करावयाचे असते. स्वीट होम थ्रीडी हा एमानुएल प्युबारे या फ्रेंच गृहस्थाने रचलेला विनामूल्य प्रोग्रॅम घरच्या घरी शिकणाऱ्यांना सोयीचा पडतो. नावे व बटणे वेगवेगळी असली तरी या सर्वांच्या पोटात मॉडेल, दृश्य आणि पान अशी तीनच दालने आहेत, आणि दोषशोधकाने आपण कोणत्या दालनात उभे आहोत हे प्रथम ओळखले पाहिजे.

३

दृश्याच्या दोषांत पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा, की डोळा कोठे आहे? स्वीट होम थ्रीडीमध्ये आराखड्यावर पाहुण्याची आकृती दिसत असते, इतर प्रोग्रॅमांत कॅमेऱ्याचे चिन्ह दाखविता येते. ते चिन्ह आराखड्यात शोधून पाहिले असता कित्येकदा कॅमेरा भिंतीच्या जाडीत, कपाटाच्या पोटात किंवा माळ्याच्या फळीत उभा असलेला आढळतो. मग पडदा काळा दिसला यात बिघाड काहीच नाही. कपाटात कोंडलेल्या माणसाला दुसरे काय दिसणार? उताराच्या जागेवर याचाच एक भेद होतो. कॅमेऱ्याची उंची ज्या पातळीपासून मोजली जाते ती पातळी आणि जमिनीचा प्रत्यक्ष चढ यांत फरक असतो, आणि मागच्या बाजूची चढण सहा फूट असेल तर पाच फूट उंचीचा डोळा जमिनीखाली जातो. त्याला केवळ जमिनीचा हिरवा रंग दिसतो. उपाय एवढाच, की उंची त्या ठिकाणच्या जमिनीपासून मोजून भरावी.

दुसरा प्रश्न नजरेच्या रुंदीचा. स्केचअपमध्ये दृष्टिक्षेत्राचा उभा कोन आरंभी ३५ अंश असतो. घरकुलातील दहा फुटी, म्हणजे सुमारे ३ मीटर लांबीची खोली घ्या, आणि एका भिंतीला पाठ टेकून समोरच्या भिंतीकडे पाहा. ३ मीटर अंतरावर ३५ अंशांत भिंतीची फक्त १.९ मीटर उंची मावते. ना फरशी दिसते, ना छत. आरेखक स्वाभाविकपणे मागे सरकतो, मागची भिंत ओलांडून बाहेर जातो, आणि मग तीच भिंत डोळ्यासमोर आडवी येते. कोन ६० अंश केला तर जवळजवळ ३.५ मीटर उंची मावते आणि काम भागते. तो ८०–९० अंशांवर नेला तर सगळे दिसते खरे, पण कडेचे गॅसचे टेबल ताणले जाऊन लांबच लांब दिसू लागते आणि यजमानाला आपले स्वयंपाकघर आहे त्याहून मोठे असल्याचा भ्रम होतो. लहान खोलीचे प्रामाणिक चित्र काढावयाचे तर कोन मर्यादित ठेवून कॅमेरा भिंतीबाहेर न्यावा आणि आड येणारी भिंत छेदप्रतल लावून कापावी, किंवा तेवढ्या दृश्यापुरती लपवावी. लपविलेली भिंत पुढच्या दृश्यात परत दाखवावयास विसरू नये, एवढी दक्षता मात्र आवश्यक.

तिसरा प्रश्न, भिंती अर्धवट का कापल्या जातात? पडद्यावरील दृश्य उभे करताना यंत्र डोळ्याजवळची एक व दूरची एक अशा दोन मर्यादा ठरविते आणि त्यांच्या दरम्यानचे तेवढेच दाखविते. मॉडेलमध्ये घराबरोबर शंभर एकरांचा डोंगर आणला, किंवा एखादे झाड चुकून कोसभर लांब जाऊन पडले, म्हणजे या मर्यादांची ओढाताण होते आणि जवळच्या वस्तू कापल्या जातात. याहून सूक्ष्म कारण मोजणीच्या नकाशात दडलेले असते. भूखंडाची हद्द उपग्रहाधारित सहनिर्देशकांसह आणली, तर आपल्या भागातील कोणत्याही बिंदूचा उत्तरेकडील आकडा २१ लाख मीटरांच्या वर भरतो. चित्र रंगविणारे कार्ड सामान्यतः जे आकडे वापरते त्यांत एवढ्या मोठ्या संख्येच्या आसपास दोन लगतच्या आकड्यांत पाव मीटरचे अंतर पडते, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या जाडीहून जास्त. मग भिंती दातरे पडल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसतात, चौकटी उडतात, आणि आपण लॅपटॉपला दोष देतो. घर उचलून शून्यबिंदूजवळ आणून ठेवावे आणि मूळ सहनिर्देशक टिपून ठेवावेत. बहुधा तेवढ्याने सर्व सुरळीत होते.

थरथरणारी फरशी हा चौथा दोष. जोत्याचा वरचा पृष्ठभाग आणि त्यावर काढलेली फरशी एकाच पातळीत असल्या म्हणजे यंत्राला दोहोंपैकी पुढची कोणती हे ठरविता येत नाही. कॅमेरा हलला की निर्णय बदलतो आणि पट्टे चमकतात. दोहोंपैकी एक पृष्ठभाग काढून टाकावा, अथवा फरशीला तिची खरी जाडी द्यावी. खऱ्या घरात फरशीला जाडी असतेच. चित्राने ती नाकारली म्हणून हा दोष झाला.

पाचवी गोष्ट उन्हाची, आणि ती मी विस्ताराने सांगणार आहे, कारण येथे दोष दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. स्केचअपमधील सूर्य, आपण स्थळ बदलले नाही तर, बोल्डर गावाचा असतो. ते ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि भातसानगर साधारण १९.५ अंशांवर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही आपला सूर्य दक्षिणेला ४७ अंशांवर असतो, बोल्डरचा सुमारे २६.५ अंशांवर. दक्षिणेकडील भिंतीपुढे चार फूट आलेल्या पडवीच्या छपराची सावली आपल्याकडे छपराच्या कडेपासून जवळजवळ सव्वाचार फूट खाली उतरते. पडद्यावर, बोल्डरच्या सूर्याने, ती दोनच फूट उतरलेली दिसते. यजमान पडवीत थंडीच्या दिवसांतही रखरखीत ऊन पाहतो आणि छप्पर आणखी पुढे काढावयास सांगतो. त्यात पत्रा, लोखंड आणि माजघरातला उजेड हे तिन्ही फुकट जातात. उन्हाळ्याची गोष्ट याहून निराळी. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. बोल्डरमध्ये असे वर्षातून एकदाही घडत नाही. तेव्हा अक्षांश, रेखांश, उत्तर दिशा आणि भारतीय प्रमाणवेळ या चार गोष्टी भरल्यावाचून उन्हाचे एकही चित्र यजमानापुढे ठेवू नये, असा माझा आग्रह आहे.

याउपरही पडदा काळाच राहिला तर सावल्या, प्रतिबिंबे व कडांची गुळगुळीत छटा ही एकेक बंद करून पाहावीत, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत आहे की नाही याची खातरजमा करावी. यंत्राकडे वळण्याची पाळी ही अखेरची. आपल्याकडे ती पहिली समजली जाते.

४

आता पानाकडे येऊ. पानाचा पहिला धर्म प्रमाण. यथादर्शनाच्या चित्राला प्रमाण नसते. स्केचअपच्या लेआउटमध्ये चौकटीला प्रमाण देण्याची यादी मंद, निरुपयोगी दिसते अशी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे कारण चौकटीतील दृश्य समांतर प्रक्षेपात नसते हेच होय. ऑर्थो हा पर्याय निवडला की यादी जागी होते. तेथे प्रोग्रॅम आपल्याला अडवीत नसून भूमितीचा नियम पाळीत असतो. ऑटोकॅडमध्ये प्रमाण ठरविल्यावर चौकट कुलूपबंद करावी, अन्यथा चाक फिरविताच १:१०० चे १:९३ होते आणि खाली लिहिलेला आकडा मात्र तसाच राहतो.

आपल्याकडे गवंडी फूट-इंचांत बोलतो आणि अर्जासोबतचे कागद मीटरांत लागतात. पाव-अर्ध्या इंचांच्या परदेशी प्रमाणांतील एक अष्टमांश इंचास एक फूट हे प्रमाण म्हणजे १:९६. दिसावयास ते १:१०० च्या शेजारचे, पण शेजारी म्हणजे तेच नव्हे. तीस फुटी भिंत १:९६ ने छापली आणि १:१०० च्या पट्टीने वाचली तर ती सव्वाएकतीस फूट भरते. लहान घरात हा सव्वा फूट म्हणजे न्हाणीचा दरवाजा उघडणे आणि न उघडणे यांतला फरक होय.

कागदाचा आकार हा दुसरा. पुष्कळ प्रोग्रॅम आरंभी अमेरिकन लेटर कागद धरतात. तो २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए-४ २१० बाय २९७. प्रिंटर हा मेळ घालण्यासाठी मुकाट्याने चित्र आक्रसतो. त्याहून मोठा अपघात ए-३ चे पान झेरॉक्सच्या दुकानात ए-४ वर काढण्याने होतो: लांबी ७० टक्क्यांवर येते, १:५० चे जवळजवळ १:७१ होते, आणि दहा फुटी खोली पट्टीने सात फूट एक इंच भरते. यासाठी प्रत्येक पानावर मापाची एक आडवी पट्टी अवश्य काढावी. १:१०० च्या पानावर दहा मीटर दर्शविणारी पट्टी कागदावर बरोबर १०० मिलिमीटर भरली तरच ते पान कामावर रवाना करावे. लिहिलेले माप हेच प्रमाण मानावे, पट्टीने मोजून माप काढू नये, ही सूचनाही पानावर हवी. ही जुनी शिस्त आजही तितकीच खरी आहे.

तिसरा दोष जुन्या चित्राचा. पानावरची चौकट ही मॉडेलकडे पाहणारी खिडकी असते. तिला मॉडेलच्या फाइलचा पत्ता माहीत असतो. फाइलचे नाव बदलले, ती एका ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर नेली, किंवा दृश्याचे नाव बदलले, म्हणजे पत्ता तुटतो. खिडकी मग रिकामी दिसते, किंवा, जे अधिक धोक्याचे, शेवटचे पाहिलेले चित्र तसेच दाखवीत राहते. चीफ आर्किटेक्टमध्ये पानाकडे रवाना करताना जिवंत दृश्य, रेषाचित्र किंवा पडद्याचे छायाचित्र असे पर्याय असतात. छायाचित्र पाठविले असेल तर मॉडेलमधील पुढचा कोणताही बदल त्यात उतरणार नाही. प्रत्येक घराची एकच पेटी, म्हणजे फोल्डर, ठेवावी, गट नंबर व यजमानाचे आडनाव तिला द्यावे, आणि मॉडेल, पोत, पाने व प्रिंट सर्व तिच्यातच राहू द्यावे. प्रिंट काढण्यापूर्वी संदर्भ ताजे करावेत.

चौथा दोष लेयरचा. प्रत्येक दृश्य आपापली दाखवण्या-लपवण्याची यादी स्मरणात ठेवते. आरेखकाने खोली पाहताना छत लपविले आणि तेच दृश्य जतन केले, तर छेदाच्या पानावरून छत गायब होते. पानांसाठी स्वतंत्र दृश्ये राखावीत आणि फिरण्या-पाहण्यासाठी वेगळी ठेवावीत. त्या दोहोंची सरमिसळ हेच अनेक गोंधळांचे मूळ आहे.

पाचवा दोष मराठी अक्षरांचा. जुने फॉन्ट कळफलकावरील इंग्रजी खुणांवर देवनागरी चित्रे चढवून चालत. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की माजघराच्या जागी चिन्हांचा कचरा उमटतो. युनिकोड फॉन्ट वापरावा, पीडीएफ करताना फॉन्ट आत समाविष्ट करावा, आणि जोडाक्षरे तुटतात किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाते का हे डोळ्यांखालून घालावे. ज्याच्या हातात पान पडणार आहे तो गवंडी आपली भाषा वाचतो. त्याच्यासाठी पान मराठीत निघणे हा शोभेचा विषय नाही.

५

दोषशोधनाची रीत एका वाक्यात सांगावयाची तर ती क्रमाची आहे. नळाला पाणी आले नाही म्हणजे जाणता माणूस आधी टाकी पाहतो, मग पाइप, मग झडप, आणि सर्वांत शेवटी तोटी उघडतो; तद्वत आपण आधी मॉडेल तपासावे, मग दृश्य, मग पान, मग प्रिंटर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वी फाइलची नक्कल ठेवावी, आणि बदलाचा परिणाम वहीत तारखेनिशी लिहावा. संशय प्रोग्रॅमवरच असेल तर कोऱ्या फाइलीत चार भिंतींची एक खोली काढून तिच्यात कॅमेरा लावावा. तेथे सर्व ठीक दिसले तर दोष आपल्या मॉडेलमध्ये आहे, आणि तेथेही बिघडले तर यंत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये. पुढे मॉडेलची निम्मी अंगे लपवून पाहावी, मग उरलेल्यांतील निम्मी; अशा निम्म्या-निम्म्याने हजार वस्तूंतून दोषी वस्तू दहा पायऱ्यांत हाती लागते. ही पद्धत कंटाळवाणी वाटते, परंतु घाईने केलेल्या पाच एकत्र बदलांनी दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला दोष पुढच्या घरात पुन्हा हजर होतो.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की गरिबाच्या घराला दुसरी संधी नसते. ज्याने कर्ज काढून किंवा अनुदानाच्या हप्त्यांवर भिंती चढविल्या त्याला चुकलेली खिडकी फोडून पुन्हा बसविण्याची ऐपत नसते. तो त्या चुकीतच राहतो. यजमानाने पडद्यावर पाहून होकार दिला तो साक्षीवर विश्वास ठेवून, आणि गवंड्याने ओळंबा लावला तो हुकुमावर विश्वास ठेवून. साक्ष आणि हुकूम परस्परांशी जुळणे ही आरेखकाची जबाबदारी आहे आणि ती प्रोग्रॅमवर ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक पानावर दुरुस्तीचा क्रमांक व तारीख असावी, जुनी पाने कामावरून परत घ्यावीत, आणि दृश्याच्या प्रिंटवर ‘केवळ पाहण्यासाठी, मापासाठी नव्हे’ असे मराठीत ठळक छापावे.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात दृश्याचे दोष, दुसऱ्यात पानाचे, आणि तिसऱ्यात छपाईचे दोष लक्षणांवरून शोधता येतील अशा क्रमाने मांडले आहेत. वाचकाने ती आरंभापासून वाचलीच पाहिजे असे नाही. आपल्यापुढील लक्षण काढून तेवढे प्रकरण पाहिले तरी चालेल. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या बदलतात आणि बटणे जागा सोडतात, त्यामुळे बटणांच्या ठिकाणांपेक्षा कारणांच्या स्पष्टीकरणावर मी अधिक भर दिला आहे. ज्या गवंड्यांनी पाने हातात घेऊन कोणती रेष त्यांना वाचता येत नाही ते सांगितले, आणि आय.टी.आय.च्या ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी मोकळेपणी पुढे ठेवल्या, त्यांच्यावाचून हे लेखन झाले नसते. येथे न आलेला एखादा दोष शहापूर-मुरबाडच्या किंवा अन्य तालुक्यांच्या आरेखकांस आढळला, तर त्याचे लक्षण, कारण व उपाय तपशीलवार लिहून कळवावे. पुढील आवृत्तीत त्याचा समावेश करणे मी माझे कर्तव्य समजेन.

भातसानगर, ता. शहापूर